राजपुत्र, खाटीक आणि बल्खचा वैद्य

प्रश्न : एका राजपुत्राला आपण गाय आहोत असे वाटू लागले आणि इब्न सीना या विख्यात वैद्य-तत्त्वज्ञाने त्याला युक्तीने बरे केले, ही गोष्ट वाचली. ती खरी आहे का? मध्ययुगीन इस्लामी जगात मनाच्या आजारांचा वैद्यकीय अंगाने विचार होत होता, की भूतबाधा म्हणून ते सोडून दिले जात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ही गोष्ट निजामी अरुजी याच्या ‘चहार मकाला’ या बाराव्या शतकातील फारसी ग्रंथात येते. इब्न सीना 1037 साली इराणमधील हमदान येथे वारला, म्हणजे ग्रंथ लिहिला गेला तेव्हा त्याला जाऊन शंभरहून अधिक वर्षे झाली होती. त्यामुळे तिला पुरावा न मानता आख्यायिका मानलेले बरे. इराणात राज्य करणाऱ्या बुवैही घराण्यातील तो तरुण हंबरत असे, मला कापा म्हणून ओरडत असे आणि अन्नाला शिवत नसे. इब्न सीना खाटकाच्या आविर्भावात आत गेला, रुग्णाचे हातपाय बांधवून घेतले, सुरीवर सुरी घासली, मग बरगड्या चाचपल्या आणि म्हणाला, ‘ही तर फारच रोडकी आहे, आधी हिला चारापाणी करा.’ राजपुत्र धष्टपुष्ट होण्याच्या ओढीने जेवू लागला आणि त्या जेवणातूनच त्याला औषधे दिली गेली. रुग्णाच्या भ्रमाशी वाद न घालता त्याच भ्रमाच्या वाटेने आत शिरायचे, ही कल्पना कथेत इतक्या सहजपणे येते, यावरून त्या काळच्या वाचकाला ती अनोळखी नसावी असे वाटते.

मात्र आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे खरे उत्तर इब्न सीनाच्या जन्माआधीच वारलेल्या, आणि त्याच्या मानाने अप्रसिद्ध राहिलेल्या, एका लेखकाकडे आहे. आजच्या अफगाणिस्तानातील बल्खजवळ जन्मलेला अबू झैद अल्-बल्खी (सुमारे 850–934) याने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. शरीराचे काही आजार माणसाला वर्षानुवर्षे होत नाहीत, पण राग, भीती आणि दुःख यांच्यापासून त्याची रोजच्या जगण्यात सुटका नसते, आणि तरीही वैद्य त्यांच्याविषयी लिहीत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. दुःखाचे त्याने दोन प्रकार केले. जिवलग माणूस किंवा मोलाची वस्तू गमावल्याने होणाऱ्या दुःखाचे कारण ज्याचे त्याला ठाऊक असते, म्हणून त्यावर विचाराने आणि समजुतीने इलाज करावा. पण काहीही घडलेले नसताना मनावर दाटणारी उदासी रक्तातील बिघाडातून येते, म्हणून तिथे शरीरावरच औषधोपचार करावेत. रक्ताविषयीची ही उपपत्ती आज टिकणारी नाही, भेद मात्र टिकाऊ आहे. मनातून हटता न हटणाऱ्या विचारांना, म्हणजे ‘वसवास’ला, त्याने या विकारांत वेगळे स्थान दिले. घरात जशी चार औषधे आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना धीर देणारे विचार साठवून ठेवावेत आणि घालमेल झाली की ते काढून वापरावेत, असा त्याचा सल्ला आहे. एवढ्यावरून त्याला आधुनिक मानसोपचाराचा जनक ठरवण्याची अलीकडची हौस मात्र मला पटत नाही.

इब्न सीनाचे काम वेगळ्या दिशेचे आहे. लांडगा दिसताच मेंढी पळते. तिच्या डोळ्यांना दिसतो तो फक्त रंग आणि आकार, मग धोका कोणाला कळतो? त्यासाठी त्याने मनाची एक स्वतंत्र शक्ती मानली आणि तिला ‘वहम’ म्हटले. संशय या अर्थाने आपण मराठीत वापरतो तो ‘वहीम’ हा याच अरबी शब्दाचा वंशज.

भूतबाधेची समजूत लोकांत होतीच आणि मंत्र-तावीजही चालत. पण त्याच काळात दमास्कसमध्ये 1154 साली आणि कैरोत 1284 साली उभ्या राहिलेल्या मोठ्या रुग्णालयांत, म्हणजे बीमारिस्तानांत, मनोरुग्णांनाही ठेवून घेत. बेफाम झालेल्यांना कधी साखळदंडही घालत, हेही इथे नोंदवायला हवे.