गार्डरेलचं खूळ नाही हे

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलीला हायवेच्या कडेच्या गार्डरेलचं, म्हणजे लोखंडी कठड्याचं, डिझाईन आणि क्रॅश टेस्टिंग शिकायचंय, तुम्हाला ती कॉम्प्युटरलाच जायला हवीय, फिजिक्समध्ये ६८ पडलेत, आणि मी तिला समजवावं.

मार्कांचं मला काही वाटलं नाही, ६८ वर कुणाचं अडत नाही. खटकलं ते मधलंच एक वाक्य, "काकाच्या अपघातानंतर हे खूळ डोक्यात शिरलंय". गार्डरेलचं टोक गाडीत घुसून तिचा काका गेला, म्हणजे तुमचा सख्खा भाऊ, आणि त्याच्यावर एवढंच? बाकी सगळं पत्र पॅकेजवर. घरात कुणी तिच्याशी त्या अपघाताबद्दल नीट बोललंय का, की तिने विषय काढला की तुम्ही अभ्यासाला बस म्हणता? रात्री क्रॅश टेस्टचे व्हिडिओ बघत बसते ही तुमची तक्रार आहे, मला वाटतं तिला नेमकं काय झालं ते समजून घ्यायचंय आणि सांगणारं कुणी नाहीये. अॅडमिशनचं नंतर बघू, आधी हे बोला. आणि तुम्हालाही बोलायची गरज आहे असं मला पत्र वाचून वाटलं, स्पष्टच सांगते.

आता "लोखंडी पट्टी ठोकायला इंजिनिअर कशाला, जाड केली की झालं" हे जे तुम्ही तिला ऐकवता, ते साफ चूक आहे. गार्डरेलचं मुख्य काम गाडी जागच्या जागी थांबवणं नसतंच, तिला वळवून रस्त्याच्या दिशेने घसरत न्यायचं आणि जाताजाता वेग खायचा, म्हणून ते वाकायलाच हवं. अमेरिकेत सर्रास लावतात ती डब्ल्यू आकाराची पट्टी फक्त २.७ मिलिमीटरच्या आसपास जाड असते, खांब मातीत मागे कलतात, पट्टी आणि खांबाच्या मध्ये ठोकळा असतो तो चाक खांबात अडकू नये म्हणून. तिथल्या मॅश नियमांप्रमाणे (रस्त्याकडेचे कठडे वगैरे तपासायचे नियम, २००९, सुधारित २०१६) हायवेच्या नेहमीच्या टेस्टला ११०० किलोची छोटी कार आणि २२७० किलोचा पिकअप, दोन्ही ताशी १०० किलोमीटरने २५ अंशात आदळवतात. पट्टी फार ताठ केली तर छोट्या कारमधल्या माणसाला जबर झटका बसतो, फार नरम केली तर पिकअप आरपार. उंच केली तर कार खालून घुसेल, बुटकी केली तर पिकअप वरून पलटेल, आणि एकाच डिझाईनने दोघांना वाचवायचंय. सगळ्यात अवघड ते टोक. उघडं ठेवलं तर भाल्यासारखं घुसतं, म्हणून जमिनीत गाडून बघितलं तर गाड्या त्यावर चढून उलटायला लागल्या, मग धडकेत पट्टी चपटी करत किंवा मुडपत ऊर्जा शोषणारी टोकं आली. हे सगळं कुणीतरी बसून शोधून काढलंय, आणि तुमच्या मुलीला तेच करायचंय.

मार्ग नेहमीचाच, प्रवेश परीक्षा, मग सिव्हिल किंवा मेकॅनिकल, पुढे मास्टर्स. कॉम्प्युटर हवाच असेल तर प्रत्यक्ष टेस्टच्या आधी एलएस-डायनासारख्या सॉफ्टवेअरवर कितीतरी वेळा ती धडक करून बघतात. नोकऱ्या मात्र थोड्या, अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम, नेब्रास्का अशा मोजक्या विद्यापीठांत मोठं काम चालतं. पण तेच शिक्षण गाड्यांच्या सेफ्टीतही चालतं, त्यामुळे उपाशी राहील वगैरे भीती सोडा.

मुली, तू हे वाचत असशील तर तुलाही एक सांगते, काकासाठी म्हणून हे क्षेत्र घेऊ नकोस. धडक संपते क्षणात, तिच्या आधी आणि नंतर कित्येक महिने मॉडेल दुरुस्त करणं आणि सेन्सरचे आलेख तपासणं असतं. एखाद्या टेस्टचा पूर्ण रिपोर्ट मिळव, व्हिडिओ नको, आलेख वाचत बस, आणि कंटाळा आला की मजा आली ते मला लिही.

पुढचं पत्र तिचं असू दे. तुम्ही आधी न वाचता पाठवा.