‘ग्रॅब’ आणि आपलं ‘घेणं’

प्रश्न आहे : ‘ग्रॅब’ला मराठीत काय म्हणावं आणि ‘स्नॅच’हून तो वेगळा कसा?

‘ही संधी हिसकावून घ्या’ अशी जाहिरात वाचली की डोकं उठतं. कोणाच्या हातून हिसकावायची? हिसका मारायचा तर ती वस्तू आधी दुसऱ्याकडे असावी लागते. गळ्यातलं मंगळसूत्र ओढून पळणं म्हणजे स्नॅचिंग. भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली तो आता स्वतंत्र गुन्हा आहे. ‘ग्रॅब’ला ती अट नाही. संधी साधतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, निघता निघता चार घास खाऊन घेतात. इंग्रजी या सगळ्याला ‘ग्रॅब’वर भागवते.

खरी गंमत त्याच्या कुळात आहे. इंग्रजी कोश बहुधा डच ‘ग्राबेन’पाशी थांबतात, ते मला पटत नाही. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात (१०.८५.३६) वर वधूला म्हणतो, ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’, सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो. यातला ‘ग्रभ्’ धातू म्हणजेच पुढचा ‘ग्रह्’ (घेणे, धरणे), आणि ‘ग्रॅब’ त्याच्याच भाऊबंदांतला. फारसी ‘गिरफ्तन’ही त्याच घरचं, म्हणून ‘गिरफ्तार’. हे नुसतं नादसाम्य नव्हे. मूळचा ‘भ’ इंग्रजीच्या घराण्यात नेमानं ‘ब’ होतो : भ्राता, ब्रदर.

‘हृग्रहोर्भश्छन्दसि’ म्हणत आपले वैयाकरण वेदात ‘ह’चा ‘भ’ होतो असं शिकवतात. साफ उलटं! ‘भ’ आधीचा, ‘ह’ नंतरचा. आणि ‘ग्रॅब संस्कृतातून गेला’ असं छातीठोक सांगणारेही चूकच. ही भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत.

मराठीत आग्रह, संग्रह, ग्रहण हे उघडच दिसतात. ‘ग्राहका’चं गिऱ्हाईक झालं. पण मला सगळ्यांत प्रिय आहे ते प्राकृत ‘घेप्पइ’ (घेतलं जातं), ‘घेत्तूण’ (घेऊन) यांच्या वाटेनं आलेलं ‘घेणे’. म्हणजे ‘ऑफर ग्रॅब करून घ्या’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो; नुसतं ‘घ्या’ पुरेसं आहे. हे नातं जुनंही किती! उद्द्योतनसूरी या जैन आचार्याच्या शके ७०० मधल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथाग्रंथात बाजारात देशोदेशीचे लोक जमलेत, आणि त्यातल्या मराठ्यांच्या तोंडी शब्द आहेत ‘दिण्णले गहिल्ले’, म्हणजे दिलं-घेतलं. त्यातलं ‘गहिल्ले’ याच ‘ग्रह्’चं.