नव्या स्टुडिओच्या हार्ड डिस्कबद्दल

अनेक आशीर्वाद.

मिरजेत स्टुडिओ उभा राहतोय आणि ख्यालगायनाचं रेकॉर्डिंग हेच मुख्य काम असणार, हे वाचून बरं वाटलं. माइक आणि प्रीअँपबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. तुझ्या यादीत एक गोष्ट राहून गेली आहे, तिचं आधी बघू. रेकॉर्ड झालेलं राहणार कुठे? ‘काँप्युटरमध्ये एक टीबीची एसएसडी आहे’ एवढ्यावर भागत नाही (एसएसडी म्हणजे आत काही फिरत नसलेली, चिपांची डिस्क). डिस्क आज ना उद्या बंद पडणार, हे धरूनच मांडणी करायची. त्या दिवशी दुसरी प्रत हाताशी असेल का आणि ती उघडेल का, एवढंच बघायचं.

आधी हिशेब. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (आवाज किती बारकाईने नोंदवायचा, त्याची ही मापं) एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचा आवाज, मिनिटाला ८.६४ एमबी खातो. ९६ किलोहर्ट्झला त्याच्या दुप्पट. गळ्याला एक माइक, तबल्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्यांना दोन आणि खोलीचे दोन, असे आठ ट्रॅक. पन्नास मिनिटांचा ख्याल ४८ला साडेतीन जीबीत मावतो, ९६ला सात जीबीत. यूएसबी ३च्या साध्या पोर्टेबल डिस्कवर हे एक-दोन मिनिटांत उतरतं. तेव्हा ‘कॉपी करायला वेळच मिळाला नाही’ ही सबब इथे चालायची नाही. गाण्यातला ओव्हरडब, म्हणजे मागाहून वर चढवलेला तुकडा, पुन्हा घेता येतो. सत्तरीतल्या बुवांचा त्या संध्याकाळी लागलेला मारवा पुन्हा मागता येत नाही.

आता मांडणी. विंडोज आणि प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे जोडप्रोग्रॅम) एका एसएसडीवर, रेकॉर्डिंग दुसऱ्या एसएसडीवर. शिवाय दोन टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घे, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकाच खोक्यातल्या दोन डिस्कमध्ये दोषही एकच असू शकतो. विंडोज दोन टीबीला १.८१ टीबी दाखवतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस. आणल्या आणल्या ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून वाचून बघ. लिहायला सहाएक तास आणि वाचायला तेवढेच लागतील, रात्री लावून ठेव. खोट्या क्षमतेचा माल असेल तर तिथेच उघडा पडतो.

डिस्कवर पट्टी चिकटवून ‘अ’ आणि ‘ब’ लिही. ‘अ’ स्टुडिओत, पण कॉपी करण्यापुरतीच जोडायची. कायम जोडलेली डिस्क ही बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरलं किंवा वीज उसळली, तर ती मूळ डिस्कबरोबरच जाते. ‘ब’ दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर. दर रविवारी अदलाबदल. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर चढलं होतं, ते तुला मी सांगायला नको, आणि तुझा स्टुडिओ तळमजल्यावर आहे. आगीचंही तेच. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली. ज्या रिळाची प्रत दुसरीकडे नव्हती, त्याला त्या दिवसानंतर काही उपाय उरला नाही.

दुकानदार ‘रेड’, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत, सुचवेल. दोन डिस्कवर एकच माल लिहिणारी रेड एक डिस्क मेली तरी काम थांबू देत नाही, हे खरं. पण चुकून फोल्डर उडवलास, तर ती तत्परतेने दोन्हीकडून उडवते. गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरचंही तसंच: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि कचरापेटीत ३० दिवसच राहतं. त्या फोल्डरमध्ये थेट रेकॉर्डिंग तर मुळीच करू नकोस. फाइल लिहिली जात असतानाच सिंक ती उचलायला जातं आणि चालू रेकॉर्डिंग मध्येच अडखळू शकतं. पूर्ण झालेल्या कामाची झिप तिथे चढव, त्याला हरकत नाही.

कॉपीला ‘फ्रीफाइलसिंक’ हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यातला ‘मिरर’ पर्याय टाळ, कारण मूळ जागी नसलेली फाइल तो बॅकअपमधूनही काढतो. ‘अपडेट’ निवड. कॉपी झाल्यावर तुलना ‘फाइल कंटेंट’वर लावून पुन्हा चालव, नुसती तारीख आणि आकार जुळले म्हणजे आतला माल जुळला असं नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सेशन, म्हणजे एका रेकॉर्डिंगचा सगळा प्रोजेक्ट, अपुरा कॉपी झाल्याने. तू रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम वापरतोस असं लिहिलं आहेस. त्यात प्रोजेक्टची फाइल काही केबींची असते, आवाज वेगळ्या फाइलींत असतो, आणि डेस्कटॉपवरून ओढून टाकलेला लेहरा डेस्कटॉपवरच राहिलेला असतो. म्हणून ‘सेव्ह प्रोजेक्ट ॲज’ करताना ‘कॉपी ऑल मीडिया इनटू प्रोजेक्ट डिरेक्टरी’वर खूण कर. अशाच दुसऱ्या प्रोग्रॅमांपैकी क्यूबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’, प्रो टूल्समध्ये ‘सेव्ह कॉपी इन’ करून ऑडिओ फाइल्सवर खूण. मग ‘अ’ डिस्क दुसऱ्याच लॅपटॉपला लाव आणि तिथे उघड. तुझ्याच काँप्युटरवर उघडलास, तर सेशन गुपचूप जुन्या जागच्या फाइली शोधून आणतो आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसतं.

मिक्स संपल्यावर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइलीत काढून ठेव. दहा वर्षांनी ते प्लगइन असेलच असं नाही, वेव्ह मात्र कुठेही उघडेल.

विजेचं बघ. काँप्युटर, स्क्रीन आणि इंटरफेस (माइक काँप्युटरला जोडणारं यंत्र) मिळून साधारण ३५० वॅट धर. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, म्हणजे काठावर. १००० व्हीएचा घे. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी बाहेरची डिस्क असेल तर तीही त्याच्यावरच जोड. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो म्हणून माणूस गाफील राहतो आणि वीज जाताच डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. स्पीकर आणि लेझर प्रिंटर मात्र त्यावर नकोत. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर अधिक सांभाळ: मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते खरी, पण तिला जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढलीस, तर फोल्डरची यादीच बिघडू शकते.

महिन्यातून एकदा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्रॅम उघड. फिरत्या डिस्कसाठी चार ओळी बघायच्या: ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकाल लागायचे असलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले, सी७ म्हणजे केबलवरून माल येता-जाता झालेल्या चुका. सी५ शून्यावरून हलला की त्याच दिवशी डिस्क कामातून काढ. एकटा सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. आधी केबल बदल. एसएसडीच्या बाबतीत या सूचनांवर विसंबू नकोस, ती पुष्कळदा काही न सांगता एकदम दिसेनाशी होते. आणि तिच्यावरून चुकून पुसलेलं परत मिळणं अवघड, कारण ट्रिम ही एसएसडीची आपोआप साफसफाईची सोय आहे, ते त्या जागा लगेच मोकळ्या करून टाकतं.

एवढं करूनही डिस्क अडकू लागली तर हात आवर. ‘चेकडिस्क’ हे विंडोजचं दुरुस्तीचं साधन चालवू नकोस, ते मरत्या डिस्कवर आणखी लिहितं. टक्-टक् आवाज येत असेल तर वीज काढ आणि माल मोलाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे. फ्रीजमध्ये ठेवणं आणि झाकण उघडून बघणं हे दोन्ही नाद सोड. आवाज नसेल, नुसतं वाचणं रखडत असेल, तर लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रॅमने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर तिची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घे. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागी नंतर परत येतं, आणि मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवलीस तर मध्ये थांबवून पुढे चालू करता येतं. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर.

पहिले बुवा यायच्या आधी एक दिवस हे सगळं तालमीसारखं चालवून बघ. अर्ध्या तासाचा आठ ट्रॅकचा खोटा सेशन कर, ‘अ’वर घे, दुसऱ्या लॅपटॉपवर उघड. मग पुन्हा रेकॉर्ड सुरू कर, यूपीएसची पिन भिंतीतून काढ, आणि किती मिनिटं मिळतात ते घड्याळात बघून यूपीएसवरच लिहून ठेव.

कळावे.