'कोरडेपणा' की 'कोरड'?

प्रश्न असा आला आहे: "प्रार्थनेत मन लागत नाही, बायबल वाचून आत काही हलत नाही, तरी देव हवाच असतो. या अवस्थेला 'आध्यात्मिक कोरडेपणा' म्हणावं का? आणि ४२व्या स्तोत्रातली हरिणी 'लुलपते' म्हणजे काय करते?" (बायबलमधल्या या स्तोत्राची सुरुवात अशी: हरिणी जशी पाण्याच्या ओहोळांसाठी लुलपते, तसा, हे देवा, माझा जीव तुझ्यासाठी लुलपतो.)

'कोरडेपणा' मला खटकतो. कोरडी चौकशी, कोरडी सहानुभूती, कोरडं ब्रह्मज्ञान; मराठीत कोरडं म्हणजे ज्यात जीव नाही ते. तुमच्या प्रश्नातल्या माणसाचा तर जीव कासावीस आहे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये क्रूसाचे संत योहान या ख्रिस्ती साधूंनी हाच फरक केला होता: कोमट माणसाला देवाची फिकीर नसते, शुष्कतेतून जाणाऱ्याला तीच फिकीर जाळत असते. त्यासाठी आपल्याकडे शेजारचाच शब्द आहे, कोरड. कोरड पडते ती घशाला, आणि पाणी हवं असतं म्हणूनच ती जाणवते.

घसा मी उगाच आणला नाही. स्तोत्रात जिथे 'माझा जीव' आहे, तिथे हिब्रूत 'नेफेश' आहे. त्याचा अर्थ जीव, तसाच गळाही. ६९व्या स्तोत्रात पाणी नेफेशपर्यंत चढतं, ते गळ्यापर्यंतच.

आता 'लुलपणे'. रोजच्या बोलण्यात मी ते ऐकलेलं नाही, बायबलमधूनच कानावर आलं. अर्थ, तहानेनं व्याकूळ होणं. मूळ हिब्रू क्रियापद 'आरग' सबंध जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, या वचनाखेरीज एकदाच येतं, योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात (१:२०). तिथे दुष्काळ आहे, रानातली जनावरं देवाकडे तोंड करून व्याकूळ झाली आहेत, कारण ओहोळ आटलेत. ओहोळांसाठीचे शब्दही दोन्हीकडे तेच. म्हणून मला ही हरिणी झुळझुळत्या झऱ्याकाठी दिसत नाही (भिंतीवरच्या चित्रांत ती नेहमी तिथेच असते!). ती आटलेल्या पात्रात उभी आहे. आणि ती हरिणीच. हिब्रूत नाम पुल्लिंगी दिसतं, पण क्रियापद स्त्रीलिंगी आहे.

तेव्हा 'जिवाला कोरड पडली आहे' असं खुशाल म्हणा. 'देवा, तुझी कोरड' मात्र मराठीत बसत नाही. तिथे पुढच्याच वचनातली तहान घ्यावी लागेल: तुझी तहान लागली आहे.