तो गेम खेळतच नव्हता

"याला गेमचं व्यसन लागलंय का हो?" हा प्रश्न मला आता इतक्यांदा विचारला जातो की पहिल्या वाक्यावरूनच पुढचं कळतं. आई-वडील मुलाबद्दल विचारतात, बायको नवऱ्याबद्दल विचारते, कधी खेळणारा स्वतःच येऊन बसतो. तक्रार साधारण एकच असते. रात्ररात्र कॉम्प्युटरसमोर, हाक मारली की चिडचिड, सकाळी डोळे लाल. यातल्या बऱ्याच जणांशी नीट बोलल्यावर मला काहीतरी निराळंच सापडलंय, म्हणून ही एक केस लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि सात भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

मुलगा २३ वर्षांचा. पहिल्या भेटीला आई सोबत होत्या आणि त्याच बोलत होत्या. "तीन-तीन वाजेपर्यंत जागा असतो. परवा माऊस भिंतीवर आपटला. मॅडम, आधी असा नव्हता हा."

तो खाली बघत होता. उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे होते, काही सुकलेले, एक ताजा. मी गेमचं काहीच न विचारता हाताचं विचारलं.

"पीसीच्या कॅबिनेटचा पत्रा लागतो," तो म्हणाला.

"रोज उघडतोस?"

"जवळजवळ रोज."

"काल रात्री किती वेळ बसला होतास?"

"सहा तास असेन."

"त्यातला खेळलास किती?"

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. "वीस मिनिटं. तेवढंही नसेल."

आईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तीन महिने एका घरात राहून ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा कळत होती. मुलगा खेळतच नव्हता. तो दुरुस्ती करत होता.

झालं होतं असं. वर्षभर पैसे साठवून त्याने नवं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) घेतलं, सगळा पीसी स्वतः जोडला. गेम सुरू केला की छान चालायचा. मग मध्येच चित्र गोठायचं, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहायचा, स्क्रीन काळी व्हायची आणि गेम बंद पडून डेस्कटॉप दिसायचा. कधी चाळीस मिनिटांत, कधी चार तासांनी. त्या कधी-कधीनेच त्याला पोखरलं होतं.

आईंची पहिली भीती मी तिथेच बाजूला ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, पण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारणपणे १२ महिने तरी चाललेलं असणं. रोज वीस मिनिटं खेळणारा मुलगा त्यात बसत नव्हता. पण म्हणून काहीच बिघडलेलं नव्हतं, असंही नाही.

दुसऱ्या भेटीत तो एकटा आला. मी त्याला आदल्या रात्रीचा क्रम सांगायला लावला. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून जुना टाकला, शेडर कॅशे (चित्रासाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) पुसली, पंख्यांचा वेग वाढवला, विंडोजच्या दोन सेटिंग्ज बदलल्या, कार्ड काढून परत बसवलं. हे सगळं एका बैठकीत. मग गेम तासभर नीट चालला.

"मग?"

"मग वाटलं, झालं! झोपलो. दुसऱ्या दिवशी परत क्रॅश."

"आणि त्या पाचांपैकी कशामुळे नीट चालला होता?"

तो गप्प झाला.

माझा कल लपवत नाही. माणूस काय करतो आणि केल्यावर लगेच त्याला काय मिळतं, हे मी आधी बघते. बालपणात शिरायची घाई करत नाही. म्हणून मी त्याला कबुतरांची गोष्ट सांगितली. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांचा एक प्रयोग मांडला होता. ठरावीक वेळाने दाणे समोर यायचे, कबूतर काहीही करो. पण दाणे आले त्या क्षणी जे कबूतर गोल फिरत होतं ते पुढे गोलच फिरू लागलं, दुसरं एक मान झुलवू लागलं. आपल्या करण्यानेच दाणा येतो, असं वागणं त्यांना जडलं.

अनियमितपणे होणारा क्रॅश माणसाचं हेच करतो. तो आपला आपण कधी येतो, कधी येत नाही. मधल्या शांततेचं श्रेय नुकत्याच केलेल्या उपायाला मिळतं. आणि बक्षीस कधी मिळेल सांगता येत नसेल, तर हात थांबत नाही. जुगाराच्या मशीनसमोरून माणूस उठत नाही, तोही याच कारणाने. ओढ खेळाची नव्हती, "आता बहुतेक सुटलं" या क्षणाची होती. ही गोष्ट मला त्या भेटीत कळली, आणि त्यानंतर अशा कितीतरी केसेसकडे बघण्याची माझी नजर बदलली.

मी त्याला एक वही करायला सांगितली. तारीख, काय बदललं, किती वेळ चाललं, कसं बंद पडलं. आणि पहिला आठवडाभर काहीही बदलायचं नाही. नुसतं खेळायचं आणि लिहायचं.

तो वैतागला. "असं एकेक करत बसलो तर महिना जाईल, मॅडम."

"आतापर्यंत किती गेले?"

"तीन," तो म्हणाला आणि वही घेऊन गेला.

तिसरी भेट तशीच गेली. खाडाखोड होती, दोन रात्री राहवलं नव्हतं. मी रागावले नाही, पुन्हा एक आठवडा दिला.

चौथ्या भेटीला त्याने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. "सोमवार. बदल नाही. एक तास पन्नास मिनिटं, क्रॅश. मंगळवार. बदल नाही. चार तास दहा मिनिटं, क्रॅश नाही, मीच बंद केला. बुधवार. बदल नाही. पस्तीस मिनिटं..."

तो थांबला. बोट मंगळवारच्या ओळीवर मागे गेलं आणि तिथेच राहिलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायची फार इच्छा होते, पण ती शांतता त्याची असते, आपण ती हिसकावून घ्यायची नसते. बराच वेळ गेला.

"मंगळवारी मी काहीच केलं नव्हतं," तो म्हणाला. "तरी चार तास चाललं."

"हो."

"मंगळवारी मी नवा ड्रायव्हर टाकला असता, तर सगळ्यांना सांगत सुटलो असतो की ड्रायव्हरनेच झालं." मग एकदम हळू आवाजात, "मी तीन महिने भलत्यालाच शाबासकी देत होतो."

खांदे खाली आले त्याचे. पहिल्या भेटीपासून ते कानांपाशी होते. आणि मग जे बोलायचं राहिलं होतं ते बाहेर आलं. घरी त्याने सांगितलं होतं की दुकानातून तयार घ्यायला नको, मी जोडतो, मला येतं. त्यामुळे प्रत्येक क्रॅश म्हणजे निकाल होता. विंडोजच्या नोंदीत ४१०१ क्रमांकाची ओळ यायची: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू झाला. तो वाचायचा: तुला येत नाही.

ती ओळ खरं तर काय सांगते, हे त्यानेच मला समजावलं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ग्राफिक्स कार्डाच्या उत्तराची वाट बघतं, मुळात २ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर नव्याने उभा करतं. म्हणजे उत्तर कुणी दिलं नाही एवढंच तिथे लिहिलेलं असतं. का दिलं नाही, ते नसतं. कार्ड तापलं असेल, कारखान्यातूनच वेग जरा जास्त ठेवलेला असेल, रॅम डळमळीत असेल, वीज कमी पडली असेल. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं असंच झालं होतं. गेम "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणून बंद पडायचे, संशय कार्डावर जायचा, आणि दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजशी जोडलेला निघाला. हे सांगताना तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. जाणकार माणूस बोलतो तसा.

पुढचं काम सोपं होतं असं नाही, पण ते आता काम होतं.

किती वेळ नीट चाललं की दोष गेला म्हणायचं, हे आम्ही आधीच ठरवलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. वहीत दोन क्रॅशमधल्या वेळाची सरासरी साधारण तीन तासांची निघाली. मग एक तास क्रॅश न होणं म्हणजे काहीच नाही. क्रॅश कधीही येणारा असेल तर सरासरीच्या तिप्पट, म्हणजे नऊ तास थांबावं लागतं. एवढा वेळ नुसत्या नशिबाने सुखरूप जाण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास उरते. नऊ तास सलग नकोत, तीन-चार संध्याकाळी मिळून चालतात. यातून झोप आपोआप परत आली, कारण रात्री दोन वाजता कळण्यासारखं काही उरलंच नाही.

क्रम त्याने ठरवला. आधी काही न बदलता नुसतं बघणं: तापमान किती जातं, क्रॅश जड दृश्यात येतो की मेनूवरही. मग ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवलेलं, सगळं मूळ जागी, रॅमसुद्धा. मग सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर सुरू करून) जुना ड्रायव्हर मुळापासून काढून एकच नवा. मग तारा. शेवटी कार्ड दुसऱ्याच्या पीसीत लावून बघणं. मी फक्त दोन अटी घातल्या. एका वेळी एकच बदल, आणि रात्री दहानंतर कॅबिनेट उघडायचं नाही.

आईंशी मी वेगळी बोलले. "अजून बसलायस?" हे दाराशी उभं राहून विचारणं बंद करा आणि "आज वहीत काय लिहिलंस?" असं शेजारी बसून विचारा, एवढंच सांगितलं. त्यांना आधी पटलं नाही. "मला त्यातलं काय कळणार?" कळायची गरजच नसते. त्याला समजावून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाच दिसतं. घरात असा मुलगा असेल तर मी हे प्रत्येकाला सांगेन. आपटलेल्या माऊसवर मात्र पांघरूण घालू नका, त्याबद्दल शांतपणे, दुसऱ्या दिवशी, स्वतंत्र बोला.

सहाव्या भेटीत तो तारांपर्यंत पोचला होता. कार्डाला विजेची दोन सॉकेटं होती, आठ-आठ पिनांची. एकेक १५० वॅटपर्यंतची. जोडताना त्याने दोन तोंडांची एकच तार दोन्हींत लावली होती. बसते, चालते, म्हणून पुढे कधी बघितलंच नाही. जड दृश्यात कार्ड क्षणभर एकदम जास्त वीज ओढतं आणि सगळा भार त्या एका तारेवर. त्याच एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) खोक्यात दुसरी तार न वापरता पडून होती. दुसऱ्या मॉडेलची तार लावायची नसते, पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि पीसी जळू शकतो, हे त्याने मला बजावून सांगितलं. एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही, हेही.

"म्हणजे चूक माझीच होती," तो म्हणाला. मी सावध झाले. पण तो पुढे म्हणाला, "एका तारेची."

दुसरी तार लावली त्या दिवशी त्याचा मला काहीच निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पूर्वी तासाभरात "झालं!" म्हणून नाचणारा हा मुलगा. पाचव्या दिवशी संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो आला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: एकूण आठ तास चाळीस मिनिटं, क्रॅश नाही. आणि खाली: "अजून वीस मिनिटं बाकी आहेत. उद्या कळवतो."