पिस्तुलासाठी नवं, जास्त ताकदीचं काडतूस काढायला नेमकी अडचण कुठे येते?

सोलापूरच्या एमआयडीसीत टूलरूमला आहात आणि विचारताय की रायफलची नवी काडतुसं निघत राहतात, मग पिस्तूल अजून १९०२ च्या ९ एमएमवरच का? व्हर्नियर हाताळणाऱ्याला मापांतूनच सांगतो.

पहिली अट मुठीची. मॅगझिन मुठीत बसतं, त्यामुळे काडतूस लांबलं की मूठ मागे-पुढे वाढते आणि बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. ९ एमएमची कमाल लांबी २९.६९ मिमी. १९८३ चं १० एमएम ऑटो ३२ मिमीचं होतं. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, आखडून ते २८.८ वर आणलं तेव्हा १९९० चं .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस ९ एमएमच्या मुठीत मावलं. व्यास वाढवाल तर मॅगझिनमध्ये काडतुसं कमी.

मग दारू जळून आत तयार होणारा दाब वाढवू? दाब गुणिले पुंगळीचं आतलं क्षेत्रफळ, एवढा जोर स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, मागे येतो. ९ एमएमची मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), .४५ एसीपी या जाड काडतुसाची फक्त २१,०००. पण .४५ चं बूड रुंद, म्हणून दोन्हीकडे जोर ढोबळमानाने दीड टनाच्या घरातच. शिवाय काडतूस आत चढावं म्हणून चेंबरच्या (नळीतली काडतूस बसण्याची जागा) तोंडाशी खालून उतार कापलेला असतो. तिथे पितळेला आधार नाही. दाब चढला की पुंगळी तिथेच फुगते, फाटते.

खरी मेख आखूड पुंगळीत आहे. आत मोकळी जागाच इतकी थोडी की गोळी मिलिमीटरभर मागे दबली तरी दाब झपाट्याने चढतो. गोळी घट्ट धरायला पुंगळीचं तोंड आत वळवावं, तर काडतूस चेंबरमध्ये त्या तोंडाच्या कडेवरच टेकतं; कड गेली की काडतूस जास्त आत जातं. त्यात दाबाची चाचणी होते २१ अंशांना, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची आतून भट्टी होते. दारू तापली की दाब वाढतो, म्हणून मर्यादेला अगदी चिकटून भरताच येत नाही.

एवढं जुळवूनही बाजार उरतोच. २००३ चं .४५ जीएपी हे काडतूस या सगळ्या हिशोबात बसत होतं, तरी चाललं नाही: नवं पिस्तूल, नवं मॅगझिन आणि महाग गोळी घेणार कोण? आपल्याकडे तर ९ एमएमच प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं. परवानाधारकाच्या पिस्तुलात बहुधा .३२ एसीपी असतं, आणि ते १८९९ चं.