वाकडा टाका नक्की कुणाला टोचतो?

मे महिन्याची सुट्टी लागली की समुपदेशक म्हणून एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. "मॅडम, घरातल्या सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं म्हणून मी जिवाचं रान करते. चार दिवस उत्साह, मग जो तो मोबाइलमध्ये." कुठे बाग असते, कुठे चित्रं, हल्ली लोकर-सुया आणि गोधडीही. तक्रार बहुतेक वेळा आईची असते आणि गुन्हेगार तिने आधीच ठरवलेला असतो: मोबाइल. मी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. घरात कोण कुणाला काय करू देत नाही, तिथून सुरुवात करते.

एक घर सांगते. ओळखीचे तपशील बदलले आहेत. बँकेत अधिकारी असलेली आई, नववीतली मुलगी, मितभाषी वडील आणि सांगलीकडून राहायला आलेल्या आजी. आईने आधी सगळ्यांना विणायला बसवलं. मुलीचा एक टाका सुईवरून सुटला, बघता बघता खालपर्यंत उसवत गेला आणि मफलर तिथेच संपला. मग आजी म्हणाल्या, "त्यापेक्षा वाकळ शिवू की. लुगडी पडलीत ट्रंकेत." वाकळ म्हणजे गोधडीच. दर रविवारी पाच ते सहा, फोन बाजूला, असा नियम झाला. दोन-तीन रविवारांनंतर मुलगी खोलीबाहेर यायलाच तयार नव्हती.

"शिवताना काय होतं?" मी आईला विचारलं.

"काहीच नाही. छान गप्पा होतात."

"आणि सगळे उठल्यावर?"

त्या जरा थांबल्या. "तिचे टाके फार वेडेवाकडे असतात हो. रात्री मी तेवढे उसवून परत घालते. तिला कळत नाही."

मुलीला मी वेगळं भेटले. ती म्हणाली, "मी हिरवा दोरा घेतला होता. सकाळी बघते तर माझ्या बाजूला पांढरा. मग मी कशाला शिवू?"

तिच्या परवानगीने हा दोरा मी दोघींच्या समोर ठेवला. आई चटकन म्हणाली, "अगं, पण नीट दिसायला नको का?"

"कुणाला?" मुलीने विचारलं.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा शांततेत तोंड न उघडणं मला बऱ्याच वर्षांच्या कामातून जमायला लागलं आहे. शेवटी आईच हळू आवाजात म्हणाल्या, "ऑफिसातही मी हेच करते. कुणाचंही पत्र परत लिहून काढते."

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची. 'नीट झालं तर आवडेल' याचं 'नीट झालंच पाहिजे' कधी होतं, तिकडे माझा कान असतो. या घरात ते रात्री, सगळे झोपल्यावर होत होतं. मुलीला मोबाइल ओढत नव्हता. तिच्या हाताची खूणच पुसली जात होती.

घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना विचारलं, वाकड्या टाक्याने बिघडतं का? "थर सरकले नाहीत म्हणजे झालं," आजी म्हणाल्या.

म्हणूनच सगळ्यांनी मिळून करायला मी विणकामापेक्षा गोधडी सुचवते. विणकाम एकाच्याच हातात असतं आणि सुटलेला टाका खालच्या ओळी घेऊन जातो. तिथे प्रत्येकाची लोकर वेगळी असू द्या, आणि टाका उचलून द्यायचा तो मागितला तरच. गोधडीच्या चारी कडांना चौघं बसू शकतात. एकाचा धावदोरा तिरका गेला तरी दुसऱ्याचं काही बिघडत नाही. पहिल्यांदाच पलंगभर गोधडी अंथरू नका, बाळाच्या दुपट्याएवढी पुरे. कापड जुनं, सुती घ्या. नायलॉन सरकतं आणि मग टाक्यांवरून भांडणं होतात. जाड थरांतून सुई ढकलायला अंगुस्तान द्या. प्रत्येकाचा दोरा वेगळ्या रंगाचा, आणि दुसऱ्याचा टाका उसवायचा नाही, एवढा एकच नियम. घड्याळाचा नियम त्या घरात आम्ही काढूनच टाकला. मुलगी आता शनिवारीही आजीजवळ बसते, शाळेतलं काय काय सांगते. आईशी थोडं कमी, पण सांगते.

वडिलांनी मात्र अजून सुई धरलेली नाही. ते चहा करतात, आणि त्यांना शिवायला बसवा असं आता त्या घरात कुणीच म्हणत नाही.